चार अक्षरांचा गुरू

नोव्हेंबर १९६७ मध्ये लंडनच्या दक्षिणेकडील एका उपनगरात एक वृद्ध गृहस्थ निवर्तले. ते मंत्री नव्हते, सेनापती नव्हते, कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांच्या नावापुढे नव्हती. त्यांचे खरे नावही त्यांच्या हजारो वाचकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असावे. जग त्यांना ओळखीत होते ते केवळ चार अक्षरांनी : एल. बी. एस. सी. तरुणपणी ज्या ‘लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट’ रेल्वेत त्यांनी नोकरी केली, तिचीच ही आद्याक्षरे. स्नेही त्यांना ‘कर्ली’ लॉरेन्स म्हणत. त्यांच्या निधनानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, ऑगस्ट १९६८ मध्ये, ब्रिटिश रेल्वेने आपल्या मुख्य मार्गांवरून वाफेच्या गाड्यांना अखेरचा निरोप दिला. मोठे इंजिन विझले. पण या गृहस्थांनी पेटविलेली लहान इंजिने आजही इंग्लंड-अमेरिकेतील उद्यानांत आणि परसबागांत शिट्या घालीत धावत आहेत. समाज कोणाचे स्मरण ठेवतो आणि का ठेवतो, याचा विचार करणाऱ्याला हा योगायोग थोडा थांबवून ठेवील असा आहे.

ज्या छंदाशी लॉरेन्स यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्याचे स्वरूप प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. हे खेळण्याचे इंजिन नव्हे. किल्ली फिरवून किंवा विजेच्या तारा जोडून ते पळत नाही. त्याच्या भट्टीत खरा दगडी कोळसा जळतो, तांब्याच्या बॉयलरात खरे पाणी उकळते, दट्ट्याला खरी वाफ ढकलते आणि मागच्या लहानशा गाड्यांवर पाय सोडून बसलेली हाडामांसाची माणसे ते ओढून नेते. रुळांमधील अंतर मात्र अडीच, साडेतीन, पाच किंवा सव्वासात इंच एवढेच. इंजिन बनविणारा, ते पेटविणारा, हाकणारा आणि रात्री राख काढून पुसूनपासून ठेवणारा बहुधा एकच असतो. तो पेशाने कारकून असेल, शाळामास्तर असेल, वैद्य असेल; लोखंड आणि तांबे हे त्याचे उपजीविकेचे साधन नसते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत या छंदात एक समज घट्ट रुजलेला होता. इतक्या लहान इंजिनात कोळसा नीट जळणार नाही, तेव्हा स्पिरिटच्या दिव्यावर पाणी तापवावे आणि इंजिन शोभेपुरते फिरवावे, हा तो समज. तो केवळ अडाण्यांचा नव्हता. या क्षेत्रातील अधिकारी पुरुष हेन्री ग्रीनली यांच्यासारख्या तज्ज्ञांचे वजनही त्याच पारड्यात होते. लॉरेन्स यांनी १९२२ च्या सुमारास ‘मॉडेल इंजिनियर’ या साप्ताहिकातून याविरुद्ध आवाज उठविला. स्वतः बांधलेले ‘आयेशा’ नावाचे, अडीच इंच रुळांवरचे कोळशाचे इंजिन जिवंत माणसाला ओढून नेते, असे त्यांचे सांगणे होते. पुढील दोन वर्षे जो वाद पेटला, तो या छंदाच्या इतिहासात ‘बॉयलरांची लढाई’ म्हणून प्रसिद्ध आहे. अखेर १९२४ साली लंडनच्या प्रदर्शनात प्रत्यक्ष रुळांवर परीक्षा झाली. शब्दांनी जे मिटत नव्हते, ते वाफेने मिटविले, कोळसा जिंकला.

या विजयामागचे शास्त्र समजून घेण्याजोगे आहे, कारण त्यात एक सार्वत्रिक धडा आहे. साडेतीन इंच रुळांचे इंजिन मूळ इंजिनाच्या साधारण सोळाव्या हिश्श्याचे असते. पण लांबी सोळापट कमी झाली की पृष्ठभाग २५६ पट आणि घनफळ ४०९६ पट कमी होते. म्हणजे बॉयलरातील पाण्याच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मूळच्या सोळापट होतो. पाणी लवकर तापते आणि तितक्याच लवकर निवतेही. मूळ बॉयलरातील दोन इंच व्यासाची धूरनळी हुबेहूब लहान केली, तर ती एक अष्टमांश इंचाची होईल आणि चार फावडी कोळसा पडताच काजळीने बुजून जाईल. इंजिनाची उंची लहान करता येते. कोळशाची ज्वाला, पाण्याचा थेंब आणि राखेचा कण यांना मात्र तो हुकूम लागू होत नाही. म्हणून नळ्या संख्येने कमी आणि व्यासाने मोठ्या घ्याव्यात, निसर्गाला मापपट्टी लावू नये, हे लॉरेन्स यांनी ओळखले. मोठ्या यंत्राची आंधळी नक्कल करणे हे लहान यंत्राचे तंत्रज्ञान नव्हे. प्रगत देशांच्या मोठ्या कारखान्यांचे आराखडे छोटे करून गावोगावी बसवू पाहणाऱ्यांनीही हे सूत्र मनाशी धरावे असे आहे.

तथापि एका वादातील जयामुळे कोणी चार दशके लोकांच्या मनात घर करून राहत नाही. लॉरेन्स यांचे खरे कार्य त्यानंतर सुरू झाले. १९२४ पासून त्यांनी या साप्ताहिकात लेखन आरंभिले आणि मधला काही खंड सोडता अखेरपर्यंत चालू ठेवले. दर आठवड्याला इंजिनाचा एक भाग : आज चौकट, पुढच्या वेळी चाके, मग सिलिंडर, मग बॉयलर. आकृती आणि तिच्यासोबत ती कशी घडवावी याचे बारीकसारीक विवेचन, अशी त्यांची पद्धत होती. या जोडीला ते विनोदाने ‘शब्द आणि संगीत’ म्हणत. ‘टिच’, ‘ज्युलिएट’, ‘डॉरिस’, ‘मेझी’, ‘व्हर्जिनिया’ अशी त्यांच्या इंजिनांची घरगुती नावे. त्यांतील ‘टिच’ हे नवशिक्यांसाठी योजलेले चिमुकले चारचाकी इंजिन तर असंख्य लोकांच्या आयुष्यातले पहिले इंजिन ठरले.

या लेखनाचा वाचक कोण होता हे पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. त्याच्यापाशी मोठा कारखाना नव्हता. घरामागच्या लाकडी खोपटात एक लहान लेथ, थोड्या कानशी, एक ब्लोलॅम्प आणि दिवसभराच्या नोकरीनंतर उरलेले दोन तास, एवढीच त्याची पुंजी. चांदीच्या डाखाने तांब्याचा सांधा कसा भरावा, पत्रा लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडविला की तो मऊ का पडतो, हाताशी अमुक हत्यार नसेल तर तमुक वस्तूवर काम कसे भागवावे, हे लॉरेन्स त्याला शेजारी बसून बोलावे तसे सांगत. इंजिनियरी शिक्षणाच्या ग्रंथांत सूत्रे असत, पण हात कोठे धरावा हे नसे. लॉरेन्स यांनी ते सांगितले. जे ज्ञान उमेदवारी करणाऱ्या कारागिरालाच वस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबून मिळे, ते त्यांनी काही पेन्सांच्या साप्ताहिकातून कारकुनाच्या टेबलावर आणून ठेवले.

गुरूला न पाहता विद्या मिळविणारा शिष्य आपल्याकडे एकलव्याच्या रूपाने परिचित आहे. लॉरेन्स यांचे बहुसंख्य शिष्य असेच होते. इंग्लंडच्या खेड्यांत, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात त्यांच्या आकृत्यांवरून इंजिने उभी राहिली. अमेरिकेत १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत छांदिष्टांचा जो पहिला बंधुसंघ उभा राहिला, त्याच्या मागेही लॉरेन्स यांच्याच लेखनाची प्रेरणा होती. फरक इतकाच की या द्रोणाचार्यांनी कोणाचा अंगठा मागितला नाही. उलट ज्यांना अंगठा कशासाठी असतो याचा विसर पडला होता, त्यांना त्याची आठवण करून दिली.

मृत व्यक्तीविषयी केवळ गोडच लिहावे असा संकेत असला, तरी लॉरेन्स यांना देवत्व देण्याचे कारण नाही. ते हट्टी होते, वादप्रिय होते. बाह्य रूपाच्या बारकाव्यांसाठी अडून बसणाऱ्या टीकाकारांची त्यांनी आपल्या लेखांतून मनसोक्त टर उडविली; त्यांतली काही टीका रास्तही होती. ग्रीनली यांच्याबाबतीतही तोल सांभाळला पाहिजे. केंट परगण्यात १९२७ साली सुरू झालेली आणि आजही प्रवाशांची ने-आण करणारी पंधरा इंची रुळांची रॉम्नी-हाइथ-डिमचर्च रेल्वे ग्रीनली यांच्याच कर्तृत्वाची साक्ष आहे. एका मुद्द्यावर चुकलेला माणूस सर्वत्र चुकतो असे नव्हे, आणि एका मुद्द्यावर बरोबर ठरलेला माणूस सर्वत्र बरोबर असतो असेही नव्हे. पण दोष जमेस धरूनही शिल्लक मोठी राहते. लोकांनी लॉरेन्स यांच्यावर प्रेम केले ते ते निर्दोष होते म्हणून नव्हे, तर त्यांनी आपल्याजवळचे काही हातचे राखून ठेवले नाही म्हणून.

येथे व्यवहारी मनुष्य एक प्रश्न विचारील आणि तो विचारलाच पाहिजे. या सगळ्या खटाटोपातून निष्पन्न काय झाले? एक प्रौढ माणूस आपल्या सुट्ट्या, आपल्या रात्री आणि बराच पैसा खर्चून पाच-सहा वर्षांनी एक लहान इंजिन तयार करतो; त्याने कोणाचे पोट भरते? मराठीत अशा उद्योगाला ‘लष्करच्या भाकऱ्या भाजणे’ म्हणतात आणि तो शब्दप्रयोग कौतुकाचा नाही.

अर्थशास्त्राच्या रूढ हिशेबात या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हा त्या हिशेबाचा दोष आहे. राष्ट्रीय उत्पन्नात जे विकले जाते ते मोजले जाते. प्रा. पिगू यांनी १९२० साली आपल्या ‘कल्याणाचे अर्थशास्त्र’ या ग्रंथात यातील विसंगती दाखविली होती : एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला की तेच काम तीच स्त्री करीत असूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. खोपटात घडलेल्या इंजिनाची गोष्टही अशीच. त्यासाठी विकत घेतलेला तांब्याचा पत्रा उत्पन्नात धरला जातो. त्याला आकार देणारे हजारो तास आणि त्या तासांत हातांना आलेले शहाणपण यांची कोठेच नोंद होत नाही.

याहून खोल मुद्दा श्रमविभागणीचा आहे. अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन, एक काम अठरा क्रियांत वाटले की उत्पादन किती प्रचंड वाढते हे दाखविले. ते उदाहरण शाळकरी पोरालाही पाठ असते. पण त्याच ग्रंथाच्या पाचव्या खंडात स्मिथ यांनी दिलेला इशारा फार थोड्यांच्या वाचनात येतो. जन्मभर त्याच दोन-चार क्रिया करीत राहणाऱ्या माणसाची बुद्धी वापराअभावी गंजते, असे त्यांनी स्पष्टपणे बजावले होते. आज टाचणीच्या कारखान्यातील कामगारापेक्षा कचेरीतील माणसाची स्थिती फार वेगळी आहे असे नाही. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. तिचा आरंभ त्याने पाहिलेला नसतो आणि शेवट त्याला दिसणार नसतो. अशा माणसाने सायंकाळी कातारी, तांबट, ओतारी, लोहार, रंगारी आणि चालक या सर्वांची कामे एकट्याने करून एक वस्तू आदिपासून अंतापर्यंत घडवावी, ती पेटवावी आणि ती चालावी, यात मनोरंजनापेक्षा पुष्कळ अधिक काही आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १९१४ साली माणसातील कारागिरीच्या उपजत ओढीवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. नोकरी जी भूक भागवू शकत नाही, ती भूक हीच होय. वॉल्ट डिस्ने यांच्यासारख्या यशाच्या शिखरावरील माणसानेही १९५० साली आपल्या लॉस एंजेलिसच्या घराभोवती सव्वासात इंची रूळ टाकून वाफेची गाडी चालविली. पैशाने जे मिळू शकते ते सर्व ज्याच्यापाशी होते, त्यालाही हे हवेसे वाटले, ही गोष्ट बोलकी आहे.

आणि हा छंद एकट्याचा नाही. लहान असला तरी बॉयलर हा बॉयलरच. त्यात चौरस इंचाला ऐंशी-नव्वद पौंड दाबाची वाफ कोंडलेली असते आणि मागे दुसऱ्यांची मुले बसलेली असतात. म्हणून गावोगावच्या मंडळांनी परीक्षणाचे कडक नियम घालून घेतले. नव्या बॉयलरात थंड पाणी भरून नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाब द्यावयाचा, सांध्यांतून कोठे पाझर फुटतो का हे पाहावयाचे, आणि ठराविक काळाने पुन्हा परीक्षा घ्यावयाची. हे परीक्षकही बहुधा मंडळाचेच बिनपगारी सभासद असतात. मित्राने दोन वर्षे खपून केलेला बॉयलर ‘चालणार नाही’ असे त्याच्या तोंडावर सांगणे सोपे नसते. तरी ते सांगितले जाते, आणि ऐकणारा निमूटपणे पुन्हा डाख देण्यास बसतो. सार्वजनिक जीवनात जी शिस्त कायद्याच्या जाड ग्रंथांनी आणता येत नाही, ती येथे परस्परविश्वासाने येते. छंद म्हणून हिणवल्या जाणाऱ्या गोष्टीत नागरिकत्वाचे हे शिक्षण दडलेले आहे.

अशा मंडळांतील एखादा जुना सभासद गेला की त्याचे स्मरण करण्याची रीतही साजेशी असते. भाषणे फार होत नाहीत. त्याचे इंजिन रुळांवर आणले जाते, कोणीतरी ते पेटविते, आणि ते दिवसभर मुलांना ओढीत राहते. कधी खोपटात अर्धवट राहिलेले इंजिन सापडते : चौकट तयार, चाके बसविलेली, बॉयलर अजून व्हावयाचा. मग दुसरा कोणी ते पुरे करण्यास घेतो. पुतळ्यापेक्षा हे स्मारक श्रेष्ठ म्हणावे लागेल. कारण पुतळा मृताचा चेहरा राखतो, हे त्याचे काम राखते.

परंतु हे काम यापुढे राखले जाईल काय, हा प्रश्न आज खराच उभा आहे. इंधनाची अडचण उघड आहे. वेल्समधील मर्थर टिडफिल येथे १८०४ साली रिचर्ड ट्रेविथिक यांच्या इंजिनाने रुळांवरून प्रथम भार ओढला. त्याच मर्थर टिडफिलमधील फॉस-इ-फ्रान ही कोळशाची मोठी खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. वातावरणाच्या रक्षणासाठी कोळसा मागे सरणे अपरिहार्य आहे आणि त्याविषयी तक्रार करणे शहाणपणाचे ठरणार नाही. छांदिष्टांनी पर्यायी इंधनाचे प्रयोग आरंभिलेही आहेत. इंधनावर तोड निघेल. चिंता आहे ती हातांची. या मंडळांतील केस पांढरे होत चालले आहेत. ज्या शाळांत पूर्वी मुलांना लोखंड आणि लाकूड हाताळण्यास मिळे, तेथील कार्यशाळा ओस पडल्या. आकृत्या छापून ठेवता येतात, आज त्या संगणकातही साठविता येतात. पण तांबे नेमके केव्हा पुरेसे लाल झाले हे कोणतीही आकृती सांगू शकत नाही. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ साली ज्याला अबोल ज्ञान म्हटले, ते हेच. माणसाला जितके सांगता येते त्यापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते, आणि ते अधिकचे ज्ञान त्याच्याबरोबरच चितेवर जाते. जर कोणी शेजारी उभे राहून पाहिले नसेल तर.

लॉरेन्स यांनी आयुष्यभर या नियमाशीच झुंज दिली. जे सांगता येत नाही ते सांगण्याचा त्यांनी चाळीस वर्षे दर आठवड्याला प्रयत्न केला, आणि बऱ्याच अंशी तो साधला. म्हणूनच ते शिक्षक होते. अध्यापनाची पदवी ज्यांच्याजवळ आहे अशा अनेकांहून मोठे. विषयाचे ज्ञान पुष्कळांना असते. विद्यार्थ्याच्या हाताशी काय साधने आहेत, तो कोठे अडखळेल, कोणत्या पायरीवर त्याचा धीर सुटेल, हे आधीच जाणून त्याच पायरीवर त्याची वाट पाहत उभे राहणे फार थोड्यांना जमते.

आपल्याकडे या स्मरणाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. बुद्धी आणि हात यांची फारकत हा आपला जुना रोग आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेत हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला. तो विचार पुढे शाळेच्या वेळापत्रकातील एका निस्तेज तासापुरता उरला. पुण्यातील लघुरेल्वेच्या संग्रहालयात विजेवर धावणाऱ्या चिमुकल्या गाड्या पाहताना मुलांचे डोळे कसे लकाकतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ओढ नाहीशी झाली आहे असे म्हणता येणार नाही. ती ओढ परीक्षेच्या गुणांत मोजली जात नाही, म्हणून तिला घरी आणि शाळेत सारखेच दटावले जाते. मूल घड्याळ उघडून बसले की त्याच्या हातातून ते काढून घेणारा पालक आणि वहीत आकृती उतरवून घेण्यावर समाधान मानणारा शिक्षक, दोघेही त्या लाकडी खोपटाचे दार नकळत बंद करीत असतात.

ते दार उघडे ठेवण्यास फार खर्च लागत नाही. शाळेतील कुलूपबंद हत्यारांची पेटी, गावातील एखादा निवृत्त कारागीर आणि आठवड्यातील एक संध्याकाळ एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. लॉरेन्स यांच्या वाचकांपाशीही सुरुवातीला याहून फारसे अधिक नव्हते. त्यांची चार अक्षरे धारण करणारी रेल्वे कंपनी १९२३ च्या आरंभीच विलीन होऊन इतिहासजमा झाली. अक्षरे मात्र एका माणसाच्या उदारपणामुळे टिकली. या रविवारीही कोठल्यातरी उद्यानात एखादा निवृत्त कारकून साडेतीन इंची रुळांवर बसून आपल्या ‘टिच’च्या भट्टीत मूठभर कोळसा टाकीत असेल, आणि मागे बसलेले एखादे मूल ही वाफ येते कोठून असे त्याला विचारीत असेल. त्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस तेथे हजर असला पाहिजे.